जाहिरातखर्चापासून बुडीत उधारीपर्यंत : व्यावसायिक निर्णयांसाठी संख्याशास्त्र शिकवणारे एक पाठ्यपुस्तक

२०० बाजारपेठांमध्ये एका उत्पादनाची विक्री किती झाली आणि तिथे टीव्ही, रेडिओ व वृत्तपत्रे यांतील जाहिरातींवर किती पैसा गेला, एवढीच माहिती हाताशी असेल तर पुढच्या वर्षीचा पैसा कुठे घालावा? ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभीच येतो आणि तिसऱ्या प्रकरणात त्याचा नीट तपास होतो. वृत्तपत्रांचा एकट्याचा विचार केला, तर हजार डॉलर अधिक खर्चामागे विक्री सुमारे ५५ नगांनी वाढलेली दिसते आणि हा संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा असे चाचणीही सांगते. मात्र तिन्ही माध्यमे एकाच समीकरणात घेतली की वृत्तपत्रांचा गुणांक, म्हणजे इतर दोन माध्यमांवरचा खर्च तेवढाच ठेवून वृत्तपत्रांवरचा खर्च वाढवल्यास विक्रीत दिसणारा फरक, जवळजवळ शून्यावर येतो. ज्या बाजारपेठांत रेडिओवर अधिक खर्च झाला होता, तिथे वृत्तपत्रांवरही अधिक खर्च करण्याकडे कल होता. दोहोंतील सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.३५ आहे. त्यामुळे रेडिओने मिळवलेली विक्री वृत्तपत्रांच्या नावावर जमा होत होती. यापुढे लेखक टीव्ही आणि रेडिओ यांच्या गुणाकाराचे पद समीकरणात घालतात, तेव्हा विक्रीतील चढउतारांपैकी स्पष्ट होणारा भाग ८९.७ टक्क्यांवरून ९६.८ टक्क्यांवर जातो. एका माध्यमावरचा खर्च दुसऱ्याचा परिणाम वाढवतो, म्हणून पैसा दोहोंत विभागणे फायद्याचे ठरू शकते, हा निष्कर्ष कोणत्याही जाहिरात व्यवस्थापकाला तत्काळ कळण्यासारखा आहे.

गॅरेथ जेम्स, डॅनिएला विटन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी या चौघांचे हे पुस्तक स्प्रिंगरने २०१३ मध्ये काढले. २०२१ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये जोनाथन टेलर यांच्या सहभागाने पायथनवर आधारलेली आवृत्ती निघाली. त्यापूर्वीच्या आवृत्त्या ‘आर’ या संगणकभाषेवर आधारलेल्या आहेत. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ प्रत लेखकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे. वाणिज्य शाखेची पदवी किंवा एमबीए करताना सरासरी, प्रमाण विचलन आणि एखाददुसरी चाचणी शिकलेल्या, पण कामाच्या जागी ते अपुरे पडते असे जाणवणाऱ्या वाचकाला मी हेच पुस्तक सुचवतो. मॅट्रिक्स बीजगणित येत नसले तरी बहुतेक भाग समजतो. संभाव्यतेची जुजबी ओळख आणि इंग्रजी तांत्रिक मजकूर सावकाश वाचण्याची तयारी मात्र हवी.

पुस्तकाचे खरे बळ चौथ्या प्रकरणात दिसते. तिथे क्रेडिट कार्डाच्या १०,००० ग्राहकांची माहिती आहे आणि त्यांपैकी ३३३ जणांनी पैसे थकवले आहेत. कोण पैसे थकवील याचा अंदाज बांधणारे लेखकांचे पहिले प्रतिमान (मॉडेल) एकूण २.७५ टक्के ग्राहकांच्या बाबतीत चुकते. हा आकडा बैठकीत मांडला तर सगळे समाधानाने माना डोलावतील. पण कोणीच पैसे थकवणार नाही असे डोळे मिटून म्हटले, तरी चूक केवळ ३.३३ टक्केच होते आणि या प्रतिमानाने ३३३ थकबाकीदारांपैकी २५२ जणांना ओळखलेलेच नसते. थकबाकीची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक असेल तरच धोक्याचा शेरा मारायचा, हा नियम बदलून मर्यादा २० टक्क्यांवर आणली, की निसटणाऱ्यांची संख्या १३८ वर येते. त्याच वेळी धोकादायक ठरवलेल्या चांगल्या ग्राहकांची संख्या २३ वरून २३५ होते आणि एकूण चूक वाढून ३.७३ टक्के होते. एकूण चूक वाढली असताना निर्णय सुधारलेला असू शकतो, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मांडलेली मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे.

मर्यादा कुठे ठेवावी हे त्या व्यवसायातील खर्चाच्या माहितीवरून ठरवावे, असे सांगून लेखक तिथे थांबतात आणि ते मला खटकते. पुढचा हिशेब अवघड नाही. समजा, एका बुडीत खात्यामागे ५०,००० रुपयांचे नुकसान होते आणि एका चांगल्या ग्राहकाला नाकारल्याने २,००० रुपयांचा नफा जातो. तर मर्यादा खाली आणल्याने ११४ बुडीत खाती टळून ५७ लाख रुपये वाचतात आणि २१२ जादा चांगले ग्राहक नाकारल्याने ४ लाख २४ हजार रुपये जातात. व्यावसायिक निर्णयासाठी शिकणाऱ्या माणसाने हा तक्ता आपल्या व्यवसायातील रकमा घालून स्वतः मांडावा, कारण पुस्तकातील पद्धतीचा उपयोग तिथूनच सुरू होतो.

याच माहितीत आणखी एक शिकण्यासारखी जागा आहे. एकत्रित पाहिले तर विद्यार्थी ग्राहक इतरांपेक्षा अधिक प्रमाणात पैसे थकवतात, पण कार्डावरची बाकी सारखी असलेले विद्यार्थी आणि इतर ग्राहक शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्यांचा धोका कमी निघतो. त्यांच्या कार्डांवर मुळातच बाकी अधिक असते, म्हणून एकत्रित आकडा उलटा दिसतो. कर्ज मंजूर करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन परिच्छेद वाचावेत.

कॅरव्हॅनच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या फिरत्या गाडीच्या, विम्याचे उदाहरणही उपयुक्त आहे. ५,८२२ ग्राहकांपैकी जेमतेम ६ टक्के लोकांनी तो विमा घेतलेला असतो, त्यामुळे सरसकट सगळ्यांकडे विक्रेता पाठवणे परवडत नाही. ‘आर’ आवृत्तीत निकटतम पाच शेजाऱ्यांच्या पद्धतीने (ज्यात ग्राहकाशी सर्वाधिक साम्य असलेल्या पाच जणांवरून त्याचा अंदाज बांधतात) निवडलेल्या ग्राहकांत खरेदीचे प्रमाण २६.७ टक्क्यांपर्यंत जाते. हे प्रमाण १५ पैकी ४ जणांवरून आलेले आहे, याची नोंद वाचकाने अवश्य घ्यावी. एवढ्या लहान संख्येवर विक्रीची मोहीम आखू नये.

पाचव्या आणि सहाव्या प्रकरणांतील क्रॉस-व्हॅलिडेशन (माहितीचा काही भाग बाजूला ठेवून त्यावर प्रतिमान तपासणे), बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजणे) आणि लॅसो (निरुपयोगी घटकांचे गुणांक शून्यावर आणणारी पद्धत) यांची मांडणी उत्तम आहे. लॅसो ही पद्धत १९९६ मध्ये टिबशिरानींनीच मांडलेली असल्यामुळे त्या विवेचनाला वेगळा अधिकार आहे. अकराव्या प्रकरणातील ग्राहक किती काळ टिकतो याचे विश्लेषण वर्गणीवर चालणाऱ्या व्यवसायांना उपयोगी पडेल. डीप लर्निंगचे, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कचे, प्रकरण ओळखीपुरते आहे.

उणिवांपैकी सर्वांत गंभीर उणीव कारण आणि परिणाम यांच्याविषयीची आहे. पुस्तकाचा मुख्य भर अंदाज बांधण्यावर आहे, तर व्यवस्थापकाला बहुधा हस्तक्षेप करायचा असतो. जिथे विक्री चांगली होईल असे वाटते, तिथेच कंपन्या जाहिरातीवर अधिक खर्च करतात. म्हणून पहिल्या उदाहरणातील गुणांकावरून ‘इतका खर्च वाढवला तर इतकी विक्री वाढेल’ असे म्हणणे धाडसाचे आहे. त्यासाठी काही बाजारपेठा यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथेच खर्च बदलून पाहावा लागतो आणि अशा प्रयोगांची आखणी हे पुस्तक शिकवत नाही. दुसरी उणीव हंगामी विक्रीची. दिवाळी काही वर्षी ऑक्टोबरात येते, काही वर्षी नोव्हेंबरात. कपडे, मिठाई किंवा सोने विकणाऱ्याने इंग्रजी महिना हा एक स्तंभ धरून प्रतिमान बसवले, तर सणाचा परिणाम चुकीच्या महिन्याच्या खात्यात जाईल. अशा कालक्रमिक माहितीसाठी वेगळे पुस्तक घ्यावे लागेल. शिवाय थकबाकीची माहिती कृत्रिमरीत्या तयार केलेली आहे; कार्यालयातील नोंदींमधले गाळलेले रकाने आणि दोनदा चढलेली बिले तिच्यात भेटत नाहीत. स्वाध्यायांची उत्तरेही पुस्तकात दिलेली नाहीत.

वाचताना प्रकरणांचा छापील क्रम पाळण्याची गरज नाही. दुसरे ते पाचवे ही चार प्रकरणे सलग, संगणकावर उदाहरणे स्वतः चालवत वाचावीत आणि त्यानंतर थेट तेराव्याकडे जावे. एकाच वेळी अनेक चाचण्या केल्यास काय घडते, हा त्याचा विषय असून त्यात २,००० फंड व्यवस्थापकांचे उदाहरण आहे. त्यांच्यापैकी एकाकडेही खरे कौशल्य नसले, तरी ५ टक्क्यांच्या नेहमीच्या निकषावर सुमारे १०० जण कुशल ठरतील. एकाच जाहिरातीची ४० रूपे चालवून त्यांपैकी ‘जिंकलेली’ निवडणाऱ्या विपणन विभागातही हेच होते; रूपांमध्ये काहीही फरक नसला तरी सरासरी दोन रूपे लक्षणीय म्हणून पुढे येतात. त्या प्रकरणातील बॉनफेरोनीची दुरुस्ती (चाचण्यांच्या संख्येने निकषाला भागून तो अधिक कडक करणे) आणि खोट्या शोधांचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी वर्कशीटमध्येही करता येतात.