एक्सल बूट फाटलाय: स्प्लिट बूट, पूर्ण किट की अख्खा शाफ्ट?

चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट गेला असं समजा. बूट म्हणजे इंजिनची ताकद चाकाला नेणाऱ्या शाफ्टच्या (एक्सलच्या) जॉइंटवरचं, ग्रीस आत धरून ठेवणारं घड्यांचं आवरण. पुढे काय करायचं यावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तीन गॅरेजांत तीन उत्तरं मिळतात. एक जण स्प्लिट बूट, म्हणजे उभा चिरलेला बूट, चिकटवून संध्याकाळपर्यंत गाडी देतो म्हणतो. दुसरा शाफ्ट उतरवून, जॉइंट खोलून, धुऊन नवीन बूट बसवायचं म्हणतो. तिसरा सरळ 'शाफ्टच बदलून टाका, साहेब' म्हणून मोकळा होतो. रोजच्या हॅचबॅकला यातलं कुठलंही चालून जातं, पण गाडी पोर्शे बॉक्स्टर, केमन किंवा ऑडी टीटी असेल तर तिन्हींत बराच फरक पडतो.

आधी जॉइंट शाबूत आहे का ते बघायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवून कट-कट आवाज ऐकायची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, पण ती पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीसाठी. बॉक्स्टरसारख्या गाडीत शाफ्ट मागच्या चाकांना जातात. ती चाकं वळत नाहीत, त्यामुळे जॉइंट खराब होऊनही बराच काळ गप्प बसू शकतो. म्हणून कानापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. फाटलेल्या जागेतलं ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. मऊ, काळं, गुळगुळीत लागलं तर बूट बदलून भागण्याची शक्यता बरीच. करकर लागली किंवा ग्रीस पाणी शिरून पांढुरकं झालं असेल, तर जॉइंट खोलून पाहिल्याशिवाय कोणताही स्पेअर मागवू नका. घोडबंदर रोडची खडी आणि जुलैतलं गढूळ पाणी उघड्या जॉइंटला फार दिवस टिकू देत नाही.

स्प्लिट बूटचं आकर्षण उघड आहे: हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्ट धरणारा मोठा नट) सोडायचा नाही, शाफ्ट उतरवायचा नाही. पण ज्या सांध्यावर तो चिकटवायचा तिथे ग्रीसचा अंशही उरता कामा नये, आणि गाडीखाली आडवं पडून ग्रीसने माखलेल्या शाफ्टवर हे नेमकं जमत नाही. शिवाय शाफ्ट जोरात फिरला की आतलं ग्रीस बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे त्याच सांध्यावर, दाबलं जातं. आणि जुनं, माती खाल्लेलं ग्रीस आतच राहतं. गाडी खारघरहून ठाण्याच्या गॅरेजपर्यंत आणण्यापुरता ठीक, त्यापलीकडे मी पैसे घालणार नाही. शंकूच्या आकाराच्या साधनावरून ताणून बसवायचा युनिव्हर्सल बूट याहून बरा. मात्र मऊ, पातळ रबराचा असेल तर वेगात फुगतो, आणि शाफ्ट तर तसाही उतरवावा लागतोच.

पूर्ण किटमध्ये त्या जॉइंटच्या मापाचा बूट, मोजून दिलेलं ग्रीस, क्लॅम्प, सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी रिंग) आणि बहुधा नवा हब नट असतो. बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट आता सहसा कडक थर्मोप्लास्टिकचा असतो. आतला, गिअरबॉक्सकडचा, मात्र उष्णता सोसणारा लागतो, कारण मधे इंजिन असलेल्या गाडीत सायलेन्सरची सगळी धग त्याच्या शेजारीच असते. म्हणून अशा गाड्यांत आतला बूट अनेकदा आधी तडकतो. स्वस्त आणि चांगल्या किटमध्ये किमतीचा फरक आहे, पण लेबर दोन्हींना तेवढंच. मग स्वस्त किट घेऊन वाचवायचं ते काय? त्याच हिशेबाने शाफ्ट खाली आलाच आहे तर आतला-बाहेरचा, दोन्ही बूट एकदम बदला.

काम करताना उभं राहून दोन गोष्टी बघाच. जॉइंट सुटा करण्याआधी मिस्त्रीने आतली रिंग, जाळी आणि बाहेरची वाटी यांवर खुणा केल्या पाहिजेत. जॉइंटमधले पोलादी गोळे वर्षानुवर्षं ज्या खोबणीत घासलेत, त्याच खोबणीत परत गेले पाहिजेत. दुसरी, बूटचं लहान तोंड आवळण्याआधी त्याखाली बारीक पेचकस सरकवून आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा करायचा. दाब असमान राहिला तर बूट फुगलेला किंवा चपटा बसतो आणि घड्या एकमेकींवर घासतात. पाम बीच रोडवर शोभून दिसावी म्हणून गाडी स्प्रिंग कापून खाली बसवली असेल, तर या घड्या आणखी लवकर फाटतात, तेव्हा गॅरेजवाल्याला दोष देऊ नका. कडक बूटवर पाइपचा स्क्रू-क्लॅम्प किंवा केबल टाय दिसला तर तिथेच थांबवा. इथे कानाचा क्लॅम्प लागतो, म्हणजे ज्याची उंच घडी दाबून आवळतात तो, आणि तो त्याच्याच पकडीने दाबायचा असतो.

अख्खा शाफ्ट योग्य ठरतो ते खोबणीत खड्डे पडले असतील किंवा पोलाद तापून निळं झालं असेल तेव्हाच. त्यातही कंपनीचा शाफ्ट महाग आणि आयात होईपर्यंत गाडी उभी. बाजारातला नवा शाफ्ट स्वस्त मिळतो, पण पोलादाचा कडकपणा आणि जॉइंटची मापं सारखी नसतात, आणि ताकदवान गाडीत ते ॲक्सलरेटर दाबताच थरथरीने कळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून जुना आणला तर त्याचे जॉइंट खोलून बघणं आलंच, म्हणजे तुमच्याच शाफ्टचं काम दुसऱ्याच्या शाफ्टवर! एकच जॉइंट गेला असेल तर आधी सुटा जॉइंट मिळतो का विचारा, बऱ्याच गाड्यांना मिळतो.

कुठल्याही पर्यायात शाफ्ट उतरला असेल तर हब नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्यानेच) आवळून घ्या, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर येऊ देऊ नका. नाहीतर चाकाचं बेअरिंग तिथेच खराब होऊ शकतं. गाडी हातात आल्यावर आठवडाभराने चाक पूर्ण फिरवून रिमची आतली बाजू पुसून ठेवा. नव्याने शिंतोडे आले तर बहुधा क्लॅम्प सैल आहे, बूट फाटलेला नाही.