अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक: आपल्या गल्लीतही मागून घ्यावं असं

१४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात मराठवाड्यातल्या शहरांत जवान सिलिंडरची आग विझवून दाखवतात. सेवा मोलाची आहे. ओली, पिळलेली जाड सुती चादर हातापुढे आडवी धरून सिलिंडरच्या तोंडावर टाकायची; ज्योत विझली की लगेच रेग्युलेटर बंद, नाहीतर गॅस साचतो. नुसतीच गळती असेल तर विजेचं बटण चालूही नको, बंदही नको. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. दारं उघडून बाहेर पडा, गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६ लावा.

आग विझवायचा ६ किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल, गॅस अशा आगींसाठीचा) अग्निशामक जेमतेम १५-२० सेकंद चालतो, हे हातात घेतल्यावरच पटतं. पिन काढा, दोन-तीन मीटरवरून आगीच्या बुडाशी नेम धरा, दांडा दाबून नळी डावी-उजवी फिरवा. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला तरी आत पावडर घट्ट बसलेली असू शकते. महिन्यातून एकदा उलटा करून हलवा.

हे प्रात्यक्षिक कमी पडतं ते कापसाच्या बाबतीत, आणि आपल्याकडे तर तो घराघरात भरलेला असतो. पावडरने वरची ज्वाळा जाते, पोटात धुमसत राहतं, तासांनी पुन्हा भडकतं. ढीग फोडून, उकलून, पाणी आतपर्यंत मुरवावं लागतं. जवानांना हे आवर्जून दाखवायला सांगा.

१०१ ला फोन करताना ठळक खूण, काय पेटलंय, आत कोणी अडकलंय का, बंब शिरेल एवढा रस्ता आहे का, एवढं सांगा. उन्हाळ्यात जवळची पाणी असलेली विहीर कोणती, तेही.