काबुकी-झा, तोक्यो: एका अंकाचं तिकीट, चौथा मजला

आई सांगलीहून महिनाभरासाठी आमच्याकडे निशी-कासाईला आली होती. देवळं झाली, बागा झाल्या. मग म्हणाली, "इथलं नाटक दाखव की." चार तास जपानी ऐकत बसणं तिला जड जाईल म्हणून मी काबुकी-झाचं, म्हणजे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराच्या थिएटरचं, 'हितोमाकु-मी' तिकीट काढलं. म्हणजे एकच अंक किंवा एकच नृत्य निवडायचं आणि चौथ्या मजल्यावर बसून बघायचं. आदल्या दिवशी दुपारी 12 वाजता ऑनलाइन विक्री सुरू होते. आमचं तिकीट माणशी 1,500 येनच्या आत आलं.

कायाबाचोला गाडी बदलून हिबिया लाइनने हिगाशी-गिन्झाला उतरलं की स्टेशनातूनच थिएटरखाली पोचता येतं. थिएटर मूळचं 1889 चं, आताची इमारत 2013 ची. चौथ्या मजल्याचं दार वेगळं आहे आणि लिफ्ट आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी मिटली.

आम्ही 'फुजी मुसुमे' पाहिलं. ओत्सूच्या लोकचित्रांतल्या मुलीवर बेतलेलं हे नृत्य 1826 पासूनचं. सुरुवातीला मिट्ट काळोख, त्यात फक्त नागाउता, म्हणजे काबुकीतली साथीची गाणी, गाणाऱ्यांचे आवाज. आणि एकदम, एका क्षणात, सगळे दिवे! समोर भलंमोठं पाइनचं झाड, त्यावरून लोंबणारे जांभळ्या फुलांचे घोस आणि खाली खांद्यावर फुलांची फांदी घेतलेली मुलगी. आईने माझा हात घट्ट धरला.

ती मुलगी म्हणजे अर्थात पुरुष नट. 1629 मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी झाली, तेव्हापासून काबुकीत स्त्रीभूमिका पुरुषच करत आले. त्यांना ओन्नागाता म्हणतात. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या आईला हे समजावून सांगावं लागलंच नाही. "खांदे कसे पाडलेत बघ," ती कुजबुजली. "आणि मान. मान बघ गं." किमोनोची कॉलर मागे ओढलेली, पांढऱ्या रंगातली ती मान. साके पिऊन मुलीला किंचित चढते, तेव्हा तीच मान जेमतेम बोटभर कलते आणि बाही ओठांशी जाते. एवढंच. तेवढ्यात आमच्या मागून एकाने नटाच्या घराण्याचं नाव खणखणीत पुकारलं. तिथे दाद अशीच देतात, आणि मला ती टाळ्यांपेक्षा जास्त आवडली.

चौथ्या मजल्यावरून हानामिची, म्हणजे प्रेक्षकांतून जाणारी वाट, फक्त रंगमंचाजवळची दिसते. नाटक घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. नृत्याला काही अडत नाही, पण चेहरे लांब पडतात, म्हणून दुर्बीण हवीच.

घरी परतताना गाडीत आईने विचारलं, "उद्याची तिकिटं 12 ला निघाली असतील ना?" दोन मिळाली. दुर्बीण घेऊन गेलो.