अकरा महिन्यांनंतर: ओट्याला ग्रॅनाइट, खिडकीकडे क्वार्ट्झ, बेसिनला संगमरवर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरी कडप्प्याचा ओटा होता. मांजलपूरला फ्लॅट घेतला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कडप्पाच घाल गं." मी ऐकलं नाही. अकरा महिने वापरून झालेत, आता सांगते.

गॅसचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, 18 मिमीचा. घेताना एक युक्ती कामी आली. करड्या दगडाला काळा रंग चढवूनही विकतात. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासायचं, बोळा काळा झाला की पुढचं दुकान गाठायचं. आमचा पहिल्याच दुकानात झाला. दुसरीकडे दगडावर पाणी टाकून दहा मिनिटं थांबले, ओल मुरली नाही, तोच घेतला. त्यावर कुकर उतरवते, लिंबं चिरते, सुरळीच्या वड्यांचं वाफाळतं पीठ थेट पसरते. ओरखडासुद्धा नाही. सोसायटीच्या बोअरचं पाणी वाळलं की पांढरे शिंतोडे तेवढे उठून दिसतात, म्हणून सुकं फडकं कायम हाताशी.

खिडकीकडचा चार फूट पांढरा क्वार्ट्झ हा माझा हट्ट. पैसे ग्रॅनाइटच्या जवळपास दुप्पट. नावावरून अख्खा दगड वाटतो, पण ती क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या गोंदात, दाबून केलेली लादी असते. पाणी मुरत नाही, सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दगडावर मारायचा लेप) लागत नाही, हळद लगेच पुसली तर निघते. गरम मात्र सोसत नाही, कारण रेझिन करपतं. तिसऱ्याच महिन्यात घाईत फोडणीची लोखंडी कढई टेकवली आणि पिवळी चंद्रकोर उमटली. ती अजून आहे. तिच्यावर आता बरणी ठेवलीये.

मला जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. कारागीर खाली पार्किंगमध्ये लादी कोरडीच कापत होता, तोंडाला नुसता रुमाल. त्या धुरळ्यात सिलिका असते. ग्रॅनाइटमध्येही असते, पण क्वार्ट्झमध्ये फार जास्त. आपल्या इथून जवळच, खंभातला अकीक (दागिन्यांचे खडे करतात तो दगड) घासणाऱ्यांची फुप्फुसं ज्यानं निकामी होतात तो सिलिकोसिस यातूनच. ऑस्ट्रेलियानं तर 1 जुलै 2024 पासून असल्या लाद्यांवर बंदीच घातली. मला हे माल दारात आल्यावर कळलं. नळाची नळी लावून द्यायला लावली, पाणी सोडत कापायला सांगितलं. आधी कळतं तर घेतला नसता.

बेसिनला अंबाजीचा संगमरवर, आणि ही सरळसरळ चूक. तो चुन्याच्याच जातीचा. आम्ल पडलं की चमक खाल्लीच. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे चार थेंब उडाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मातकट ठिपके पडले. खोबरेल तेलाच्या बाटलीचं वर्तुळ वेगळं. सीलर मारून तेल मुरणं कमी झालं, अ‍ॅसिडपुढे त्याचं काही चालत नाही. एकदा पॉलिश करून घेतलं, दोन महिन्यांत पुन्हा तेच.

सासूबाईंना म्हटलं, कडप्पाही चुनखडीच, त्यालाही लिंबू चालत नाही. त्या म्हणाल्या, "डाग पडायचे की! काळपट दगड, दिसतंय कुणाला?"

दिवाळीआधी संगमरवर काढतेय. ओट्याच्या ग्रॅनाइटचा अडीच फुटी तुकडा जिन्याखाली पडून आहे. काल मोजला, बेसिनला पुरतोय.