चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ : बॅरेनबॉइम यांचा तीन सीडींचा संच

ज्या बेळगावकरांच्या कानांवर लहानपणापासून नाट्यपदे पडत आली आहेत, त्यांनी इटालियन संगीतकार दोमेनिको चिमारोझाच्या या विनोदी ऑपेराचा, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचा, डॅनिएल बॅरेनबॉइम यांनी संचालित केलेला संच आवर्जून ऐकावा. बोलोन्याचा धनाढ्य व्यापारी जेरोनिमो थोरल्या मुलीसाठी सरदारघराण्यातले स्थळ आणतो, पण पाहुण्याच्या मनात भरते धाकटी कारोलिना, जिने वडिलांच्याच कारकुनाशी चोरून लग्न उरकलेले असते. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ ज्यांना पाठ आहे, त्यांना ही लपवाछपवी परकी वाटणार नाही.

मात्र आपल्याकडे पद बहुधा एकट्याने गायचे असते, तर इथे भांडणसुद्धा एकत्र गायले जाते. पहिल्या अंकातल्या त्रिगीतात कारोलिना बहिणीला खोट्या अदबीने लवून मुजरा करते, बहीण संतापते आणि आत्या दोघींना आवरू पाहते. तिन्ही गळे एकाच वेळी चाललेले असूनही प्रत्येकीचा स्वभाव स्वच्छ ओळखू येतो. आर्लीन ऑगेर यांची कारोलिना मला सर्वांत भावली. जेरोनिमोला ऐकू कमी येते, त्यामुळे ती भूमिका गाणाऱ्या फिशर-डिस्काउ यांच्या वाट्याला बरेच हशे आले आहेत. त्यांचा शब्दोच्चार निर्दोष आहे, पण विनोद थोडा घोटून बसवल्यासारखा वाटतो. दुसऱ्या अंकात पळून जाण्याचा बेत सांगणाऱ्या कारकुनाच्या गाण्याला क्लॅरिनेटची जी साथ आहे, ती केवळ अप्रतिम आहे.

१७४९ साली नेपल्सजवळच्या आवेर्सात एका गवंड्याच्या घरी जन्मलेला चिमारोझा पुढे रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारापर्यंत पोहोचला, आणि तिथून परतताना व्हिएन्नात ७ फेब्रुवारी १७९२ रोजी त्याचा हा खेळ प्रथम झाला. सम्राट दुसरा लिओपोल्ड इतका प्रसन्न झाला की सगळ्यांना जेवू घालून त्याने त्याच रात्री संपूर्ण ऑपेरा पुन्हा करवला, असे सांगतात. इतके वैभव पाहिलेल्या या माणसाला १७९९ मध्ये नेपल्सच्या अल्पजीवी प्रजासत्ताकाची बाजू घेतल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि ११ जानेवारी १८०१ रोजी व्हेनिसमध्ये तो वारला, हे वाचून मन विषण्ण होते.

मी जुना संच मागवला होता. त्यात संहितेची पुस्तिका नव्हती, आणि विक्रेत्याने ते आधी कळवायला हवे होते. इटालियन न जाणणाऱ्याला लांबलचक गेय संवाद पुस्तिकेशिवाय जड जातात. म्हणून कथानक आधी वाचून घ्यावे, आणि सुरुवात त्या त्रिगीतापासून करावी.