एट हंड्रेडचे बुश बदलून दहा महिने झाले, आता सांगतो

दात्सुन २४०झेडसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या बुशांवर (चाकाला धरणाऱ्या लोखंडी भागांच्या सांध्यात बसतात ती रबरं) परदेशातली हौशी माणसं तासतासभर बोलतात. तेवढ्या मायेनं बोलावी अशी माझ्याकडे एकच गाडी आहे, वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती एट हंड्रेड. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की बायको हसते. हसू दे. सकाळी सहाला लातूरहून औशाकडे निघावं, रस्ता मोकळा असावा, आणि हिचं स्टेअरिंग कसं बोलतं ते ऐकावं. पॉवर स्टेअरिंगवाल्या नव्या गाडीत ते सुख नाही.

फक्त मागच्या वर्षी ते स्टेअरिंग भलतंच बोलायला लागलं होतं. ब्रेक मारला की पुढून एकच "टक्". ब्रेक सोडला की परत "टक्". गाडी डावीकडे ओढायची. डाव्या टायरची आतली कड खाल्ली जात होती. मी शहाण्यासारखं (म्हणजे वेड्यासारखं) तीनदा अलाइनमेंट करून घेतलं. साडेतीनशेप्रमाणे हजार-पन्नास रुपये गेले आणि गाडी डावीकडेच. नंतर कळलं की या गाडीला मशीनवर फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत तेवढंच, लावता येतो. बुश गेल्यामुळे चाकच मागे-पुढे हलत असेल तर मशीनवाला बिचारा काय करणार?

चाक मागे-पुढे कसं हलतं, ते समजून घेण्यासारखं आहे. एट हंड्रेडला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. वर शॉकअप, खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एकच दांडा, म्हणजे आर्म. एक आर्म चाकाला आत-बाहेर धरतो, पण पुढे-मागे? ते काम स्टॅबिलायझर रॉड करतो. त्याची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या खालच्या आर्ममध्ये बुशातून आरपार जातात आणि पलीकडून नट बसतो. म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणं हे त्याचं नावापुरतं काम, आणि ब्रेक मारल्यावर चाकाला मागे सरकू न देणं हे खरं काम. अर्ल मॅकफर्सनच्या मूळ रचनेतही हीच काटकसर होती, एका रॉडकडून दोन कामं. काटकसर चांगलीच, पण सगळा भार येतो त्या मूठभर रबरावर. ते भुगा झालं की प्रत्येक ब्रेकला चाक मागे जातं, कॅस्टर (बाजूनं पाहता चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल) बदलतो आणि गाडी ओढते.

तर मागच्या वर्षीच, ऑगस्टमध्ये काम काढलं. आर्मचे आतले बुश रबराचेच घेतले, दुकानदारानं "कंपनीचा माल" म्हणून दिले. रॉडच्या टोकांचे बुश आणि रॉड बॉडीला धरणारे अर्धगोल बुश मात्र पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे, ऑनलाइन मागवले. सेट एकोणीसशेला पडला. लाल रंग, दिसायला झकास. गाडीखाली कोण बघतंय म्हणा, पण आपल्याला माहीत असतं ना.

बसवले एका गॅरेजात. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची जेवढी तेवढीच माझी. मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत. जुना बुश गॅसनं जाळून काढला. नवा बसेना म्हणून त्याला इंजिन ऑइल चोपडलं, दाबून बसवला, आणि गाडी हवेत असतानाच सगळे नट कडकडीत आवळले. दीड तासात काम फत्ते, मजुरी आठशे.

पहिले पंधरा दिवस मी गावभर सांगत सुटलो होतो. ब्रेकला गाडी सरळ, स्टेअरिंग कसं अगदी दगडावर कोरल्यासारखं. गणपतीपर्यंत हे कौतुक टिकलं. मग पाऊस उघडला आणि कुईकुई सुरू झाली. स्पीड ब्रेकरवर तर जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसा आवाज. पीयूला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते धुऊन गेलं की परत लावावं लागतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. शिवाय रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टेअरिंगमध्ये. आमच्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. त्या लाटांवर कडक बुश म्हणजे पाठीला शिक्षाच.

डिसेंबरात येळवस आली. लातूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि सगळे रानात जेवायला जातात. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीत आंबिलाचं मडकं, डिकीत भज्जी आणि उंडे. शेताच्या चाकोरीत शिरलो आणि पुढून "टक्" आला. तोच जुना, ओळखीचा. नंतर प्रत्येक खाचेला. आंबील सांडता सांडता वाचलं. आई म्हणाली, "ह्याच्यापेक्षा बैलगाडी बरी होती की रं." चार महिन्यांत नवे बुश गेले होते.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, एकानं सांगितलं म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी उचललीच नाही. मला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला, पोराला गाडी पुढे-मागे ढकलायला सांगितली आणि स्वतः वाकून चाकाकडे बघत बसले. "चाक नाचू लालंय की ओ साहेब. कुणी बसवले बुश?" मी सांगितलं. "हवेत आवळले असतील." मी हो म्हटलं. पुढे ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

मुद्दा असा. आर्मच्या आतल्या बुशात रबर हे आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. दाराच्या बिजागरीसारखं ते फिरत नाही, पीळ खातं आणि सुटतं. नट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते, आणि त्या क्षणी आर्म जिथे असेल ती त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबलेला असतो. तिथे आवळलं आणि गाडी खाली घेतली की आर्म वर येतो, रबर पिळलं जातं, आणि गाडी अंगणात उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं. मान अवघडून रात्रभर झोपावं, आणि अशा रात्री चार महिने. वर रस्त्यातल्या खड्ड्यांचा पीळ वेगळा. चाचांनी काढून दाखवला तेव्हा रबर नळीपासून एका बाजूनं सुटलेलं होतं, फाटलेली कड स्वच्छ दिसत होती. शिवाय ऑइल. खनिज तेल पिऊन रबर फुगतं आणि मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं, असं म्हणत त्यांनी खरंच कपडे धुण्याचा साबण आणला.

आता त्यांनी काय केलं ते सांगतो. जुने बुश जाळले नाहीत. मोठ्या शिकंजात धरून, मापाच्या पायपाचा तुकडा आणि लांब बोल्ट लावून ओढून काढले. नवे तसेच ओढून बसवले. सगळे नट हातानं लावले, आवळले नाहीत. मग चाकं चढवून गाडी खड्ड्यावर घेतली. चाकं जमिनीवर, माणूस खाली. पोराला बोनेटवर दोन-तीनदा दाब द्यायला लावला, गाडी आपल्या जागी बसली, आणि मग पाना. "गाडी पायावर उभी करूनच आवळायचं," एवढंच म्हणाले. ज्या गॅरेजात खड्डा नाही तिथे चारी चाकांखाली फळ्या किंवा रॅम्प घालूनही हे होतं. फक्त वेळ जातो, आणि वेळ कुणाला नसतो.

पीयूचं काय करायचं यावर माझं आणि चाचांचं थोडं वाजलं. एकोणीसशे रुपये गेले होते, मला ते ठेवायचे होते. शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. बॉडीवरचे अर्धगोल बुश पीयूचेच राहिले. तिथे रॉड फक्त गोल फिरतो, कडकपणानं बिघडत नाही. रॉडच्या टोकांना मात्र परत रबर. तिथे आर्म वर-खाली होताना टोकाचा कोन बदलतो, बुशानं थोडं लवावंच लागतं. बुश लवला नाही तर लोखंडाला लवावं लागतं, आणि लोखंड किती दिवस लवणार? घरी येऊन वाचलं तर २४०झेडवाल्यांचं हेच दुखणं. त्यांच्या टेन्शन रॉडला (कामही तेच, चाकाला पुढे-मागे धरण्याचं) दोन्ही बाजूंनी कडक बुश घालून रॉडच तुटल्याच्या तक्रारी आहेत, म्हणून एका बाजूला रबर ठेवा असं जाणते लोक सांगतात. चाचांनी २४०झेड आयुष्यात पाहिलेली नाही.

चाचांच्या कामाला दहा महिने झाले. ८,६०० किलोमीटर. त्यात तुळजापूरच्या चार फेऱ्या (येताना उजनीला बासुंदी, हा नियम आहे), अंबाजोगाईच्या कितीतरी, आणि ऊसतोडीच्या दिवसांत डबल ट्रॉल्यांच्या मागून रांगत काढलेला एक संपूर्ण महिना. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशात गाडी उन्हात उभी राहिली. पावसाळ्यात शेताच्या चिखलात दोनदा रुतली. "टक्" परत आला नाही. ब्रेकला गाडी सरळ थांबते. अलाइनमेंट काम झाल्यावर एकदा केलं, मग सहा महिन्यांनी तपासलं, टो हललेला नव्हता. डाव्या टायरची कड आता उजव्यासारखीच झिजतेय. स्टेअरिंग ऑगस्टमधल्या त्या पंधरा दिवसांइतकं धारदार नाही, हे मान्य करतो. थोडं मऊ आहे. पण लाटांच्या रस्त्यावर तासभर चालवून उतरलो की पाठ बोलत नाही.

पीयूचे अर्धगोल बुश अजून जसेच्या तसे, पण कुईकुई पूर्ण गेली नाही. पावसाळा संपला की एकदा सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं, अर्ध्या तासाचं काम. परत घ्यायचे झाले तर मी साधे रबराचेच घेईन. दुसऱ्या वेळचा खर्च रबराचे बुश साडेचारशे, मजुरी बाराशे, अलाइनमेंट साडेतीनशे, एकूण दोन हजार. पहिल्या वेळचे गेले ते वेगळेच, आणि त्या आधीचे हजार-पन्नास मी हिशेबात धरत नाही, वाईट वाटतं.

फेरनोंदणीला गाडी नेली तेव्हा तपासणीवाल्यानं पुढचं चाक धरून हलवून पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेला. एवढं कौतुक मला बास.

गेल्या आठवड्यापासून उजवीकडून, स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर, वरच्या बाजूनं बारीक "कट्" यायला लागलाय. बुशाचा नाही हे आता मला कळतं. हात ठेवून पाहिलं तर शॉकअपच्या वरच्या माउंटमध्ये जाणवतो. चाचांना फोन केला होता. "दिवाळी होऊ द्या, मग आणा," म्हणाले.