खारपाणपट्ट्यात आठ महिने वापरलेला सूक्ष्मदर्शक आणि रसायन-संच

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी मी उच्च माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्याकडून बारावी होऊन शहरातल्या महाविद्यालयांत गेलेल्या मुली दिवाळीच्या सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांची एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात एका टेबलाभोवती दहा-बारा जणी उभ्या राहतात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याची पाळी येईपर्यंत तास संपतो, आणि मग जर्नलमधली आकृती शेजारणीच्या जर्नलवरून उतरवून घ्यावी लागते. मागच्या दिवाळीत अशा सात मुलींची मुळापासून उजळणी घ्यायचे ठरवून मी स्वतःच्या पैशाने ५,४०० रुपयांचा एक विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक आणि त्याच विक्रेत्याचा २,६०० रुपयांचा रसायन-संच मागवला. थंडी, उन्हाळा आणि पावसाची पहिली झड एवढे ऋतू या दोन्ही वस्तूंनी आमच्या ओसरीवर काढले आहेत, म्हणून आता त्यांच्याविषयी लिहिण्यास हरकत नाही.

आधी सूक्ष्मदर्शकाविषयी. १० पटींचा आयपीस आणि ४, १०, ४० व १०० पटींची चार वस्तुभिंगे अशी त्याची रचना आहे. खाली आरसा आहे आणि बॅटरीवर चालणारा दिवाही आहे. भारनियमनाच्या गावात ही दुहेरी सोय फार मोलाची ठरते. ४० पटींच्या भिंगापर्यंत, म्हणजे एकूण ४०० पटींपर्यंत, प्रतिमा कडेपर्यंत स्वच्छ दिसते, आणि या किमतीला मी तेवढीही अपेक्षा केली नव्हती. १०० पटींचे भिंग मात्र केवळ खोक्यावर १,००० हा आकडा छापता यावा म्हणून बसवलेले दिसते. ते भिंग आणि स्लाइड यांच्यामध्ये तेलाचा थेंब असल्याशिवाय चालत नाही, आणि तेलाची बाटली सोबत दिलेलीच नाही. मोठा स्क्रू सैल असल्यामुळे स्लाइड ठेवलेला मंच हळूहळू खाली उतरतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी प्रतिमा पुन्हा जुळवावी लागते. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून मी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

पेशीचे माप काढण्यासाठी लागणारी आखीव काचपट्टी संचात नाही. त्यावाचून आमचे अडले नाही. कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी ४ पटींच्या भिंगाखाली ठेवली, तेव्हा दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेचार मिलिमीटर भरला. त्यावरून १० पटींच्या भिंगाखाली तो १.८ मिलिमीटर आणि ४० पटींच्या भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर असणार, हे मुलींनी त्रैराशिकाने काढले. कांद्याच्या पापुद्र्यातल्या सहा पेशी टोकाला टोक लावून १.८ मिलिमीटरमध्ये बसल्या, म्हणजे एकीची लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर झाली. नुसत्या डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतचे दिसू शकते. मग कांद्याची पेशी भिंगावाचून का दिसत नाही, असे एकीने विचारले, आणि माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. पेशीची रुंदी लांबीपेक्षा बरीच कमी असते आणि ती पारदर्शक असते. मोठे करून पाहण्याइतकेच रंगवून पाहणेही का महत्त्वाचे आहे, हे तिथे समजले. आयोडीनचा थेंब टाकल्यावर कडेला सरकलेले केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन उठून दिसले, आणि ते कडेला का, तर मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीने, व्यापलेली असते, हे सांगण्यासाठी मला खडू हातात घ्यावा लागला नाही.

सोबतच्या माहितीपुस्तिकेवर मात्र विसंबू नये. तिच्यातल्या आकृतीत कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशीत हिरवी हरितलवके काढलेली आहेत. जमिनीखाली वाढलेल्या कांद्याच्या पाकळीत ती नसतात, आणि परीक्षेत अशी आकृती काढणाऱ्या मुलीचे गुण जाणारच. पुढे ४०० पटींवर रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे अतिसूक्ष्म कण, दिसतात, असे विधान आहे. रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचा असतो, आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, मग भिंग कितीही पटींचे लावा. तिसरी चूक द्रावण तयार करण्याच्या कृतीत आहे. ०.१ मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) मिठाच्या द्रावणासाठी ५.८५ ग्रॅम मिठात एक लिटर पाणी ओतावे, असे पुस्तिका सांगते. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण द्रावण एक लिटर होईपर्यंत पाणी घालायचे असते. मिठाच्या बाबतीत यामुळे पडणारा फरक अगदी थोडा असला, तरी मोलॅरिटी ही लिटरभर पाण्यामागे नसून लिटरभर द्रावणामागे मोजतात, ही संकल्पनाच अशा वाक्याने बिघडते. ज्या मुलीने ती बारावीतच चुकीची शिकून घेतली होती, तिला दुरुस्त करायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

या संचाची खरी परीक्षा आमच्या पाण्याने घेतली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या पट्ट्यात, आमचे गाव येते. पिण्यासाठी नळाचे पाणी असते, पण वापरायला विहिरीचे, आणि पुस्तिकेत सगळीकडे नुसते ‘पाणी’ एवढाच शब्द आहे. अज्ञात क्षार ओळखण्याच्या प्रयोगात मी एकीला मॅग्नेशियम सल्फेट दिले होते. तिने ते विहिरीच्या पाण्यात विरघळवले. बेरियम क्लोराइडने सल्फेटचा पांढरा साका (न विरघळणारा गाळ) आला, तो यायलाच हवा होता. पण विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकल्यावरही दह्यासारखा पांढरा साका आला आणि तिने क्लोराइड असल्याचे लिहून टाकले. मी तिला नुसत्या पाण्यावर तीच चाचणी करायला लावली. परीक्षानळीत तोच दाट पांढरा साका पाहून ती म्हणाली, “मॅडम, आपल्या पाण्यातच मीठ हाये!” अमोनिया घातल्यावर तो साका विरघळला आणि क्लोराइडची खात्री झाली. अशी नुसत्या पाण्यावरची कोरी चाचणी कशासाठी करतात, हे त्यानंतर सातहीजणींपैकी कोणालाच पुन्हा सांगावे लागलेले नाही. त्या दिवसापासून आम्ही गॅरेजवर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरतो आणि प्रत्येक नव्या कॅनवर आधी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी घेतो.

पुढचा प्रश्न मुलींनीच काढला. हे पाणी पिकाला चालत नाही असे घरी ऐकत आलो आहोत, तर ते पेशीला काय करते? आम्ही लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरच्या बाजूचा पापुद्रा घेतला. त्याच्या रिक्तिकेत गुलाबी-जांभळा रस असतो, त्यामुळे वेगळा रंग द्यावा लागत नाही. डिस्टिल्ड पाण्यात प्रत्येक पेशी काठोकाठ गुलाबी दिसत होती. आच्छादक काचेच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घेतले, तसा काही मिनिटांत गुलाबी रंग कोपऱ्यांतून सुटू लागला, आकसत गेला आणि भित्तिकेच्या रिकाम्या चौकटीत एक गडद गोळा होऊन राहिला. पुन्हा स्वच्छ पाणी सोडल्यावर तो परत पसरला. पेशीपटल जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असते आणि ते या सूक्ष्मदर्शकात दिसणे शक्यच नाही. परंतु मागे हटणाऱ्या गुलाबी कडेमुळे ते कुठे आहे हे मात्र डोळ्यांनी दिसते. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. भिंत आणि तिच्या आतले जिवंत पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रससंकोचाची, म्हणजे पाणी निघून पेशीचा आतला भाग आकसण्याची, ही एक स्लाइड जेवढे स्पष्ट करते तेवढे कोणतीही रंगीत आकृती करीत नाही.

मग विहिरीचे पाणी सोडले, आणि काहीच झाले नाही. मुलींचा हिरमोड झाला. मला मात्र ते फार चांगले वाटले, कारण अपेक्षेविरुद्ध गेलेला निकाल तसाच नोंदवण्याची सवय इथेच लागते. विहिरीतली खार कांद्याच्या पेशीरसापेक्षा बरीच पातळ असते, त्यामुळे पेशी आकसत नाही. पिकाचे नुकसान वेगळ्या वाटेने होते : मातीतले पाणी जितके खारट तितके ते मुळांना ओढून घेणे जड जाते, आणि पाण्यातले सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करून तिची छिद्रे बुजवते. तरीही खात्री हवी म्हणून आम्ही दोन लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात आटवून दीडशे मिलिलिटरवर आणले. तळाशी पांढरा थर बसला. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच तो फसफसला, म्हणजे कार्बोनेट. वरचे पाणी गाळून पापुद्र्यावर सोडले, तेव्हा मात्र गुलाबी रंग भित्तिकेपासून सुटला.

रसायन-संचातल्या बाकीच्या चाचण्या ठीक आहेत. आयोडीनने ज्वारीच्या पिठात स्टार्चमुळे निळा-काळा रंग येतो, बायुरेटने तुरीच्या डाळीच्या पाण्यात प्रथिनांमुळे जांभळा. बेनेडिक्टने साखर तशीच राहते, पण गूळ विटकरी रंग देतो, कारण गुळात थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. लिटमसपेक्षा आम्हाला अंबाडीच्या बोंडांचा अर्क अधिक उपयोगी पडला. लिंबाच्या रसात तो लालभडक राहतो आणि धुण्याच्या सोड्यात निळसर हिरवा होतो. त्याचा खर्चही काही नाही.

माझा आक्षेप आहे तो बाटल्यांवर. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली वाटेतच झिरपली होती, तिच्यावरचे लेबल विरून गेले होते आणि शेजारच्या बाटलीचेही अर्धे गेले होते. ज्या खोक्याला मुले हात लावणार, त्यात हे अक्षम्य आहे. विक्रेत्याला छायाचित्रांसह दोनदा कळवले, बदली बाटली आली नाही. दुसरे म्हणजे, कोणत्याच बाटलीवर तयार केल्याची तारीख नाही. दिवाळीत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकला की फेस नळीबाहेर येत असे; एप्रिलच्या उन्हाळ्यात जेमतेम चार बुडबुडे आले. बटाट्यातले कॅटालेज हे पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी झाले, असा निष्कर्ष मुलींनी काढला, आणि उकडलेल्या बटाट्याच्या बाबतीत तो बरोबरच ठरला असता. औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणून त्याच बटाट्याचा तुकडा टाकल्यावर फेस उसळला. दोष विकराचा नव्हता, उन्हात विघटन झालेल्या पेरॉक्साइडचा होता.

आटवलेल्या पाण्याचा एक थेंब त्या रात्री स्लाइडवर तसाच राहून गेला होता. सकाळी तो सुकलेला होता, आणि ४ पटींच्या भिंगाखाली बाकीच्या पांढऱ्या भुकटीत मिठाचे लहान लहान चौकोनी स्फटिक लखलखत होते. एकीने आपल्या बाबांना शेतावर जाता जाता बोलावून आणले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोन विहिरींचे पाणी दोन बाटल्यांत भरून पाठवले.

याच सूक्ष्मदर्शकाचा आणखी एक नग मी गेल्या आठवड्यात मागवला आहे. रसायन-संच पाठवू नये, असे मागणीपत्रात स्पष्ट लिहिले आहे, आणि पुस्तिकेतल्या तीन चुका पृष्ठक्रमांकांसह कळवल्या आहेत.